मधल्या खोलीतला उजेड

मी जन्माचा भित्रा. ओल्या हातानं विजेचं बटण दाबायचं नाही, कुत्रं दिसलं की गल्ली बदलायची, दवाखान्यातून फोन आला तर बायकोला उचलायला लावायचा. घरात माझी थट्टा होते आणि ती बरोबरच आहे. पण दोन वर्षांपूर्वी जी भीती माझ्या पोटात शिरली तिची थट्टा कुणी केली नाही, कारण ती मी कुणाला सांगितलीच नव्हती. मला वाटत होतं की आईचे डोळे जाताहेत.

तिच्या भावाचे, म्हणजे माझ्या मामांचे, काचबिंदूनं गेले होते. न दुखता, न खुपता, हळूहळू. आमच्या घरात त्यानंतर तो शब्द कुणी उच्चारत नसे. आणि आता आई चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायला लागली होती. उंबऱ्यापाशी आली की आधी पायानं चाचपायची. तिचं ते बोट दिसलं की मी पेपर तोंडासमोर धरायचो.

एकदा धीर करून डोळे दाखवायचा विषय काढला, "माय, नंदुरबारले जाईसन डोया दखाडी येऊत?"

"मन्हा डोयासले काय धाड भरनी? खोलीच अंधारी शे, त्याले मी काय करू?"

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तिनं नाही म्हणावं म्हणूनच मी इतक्या हळू विचारलं होतं.

आणि खोली अंधारी होतीच. नंदुरबारकडच्या प्रकाशा या गावाजवळ आमचं गाव, तिथे घराला घर लागून असतं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक खोली, जिला खिडकी कुठून असणार? दिवसभर तिथे ट्यूबलाइट, आणि लाइट गेली की भर दुपारी अमावास्या. आईची बसायची जागा मात्र तीच. हिवाळ्यात वर्षाची लाल मिरची येते, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून दुपारभर देठ खुडत बसते. बैठकीत ये म्हटलं तर म्हणायची, ठसक्यानं पाहुणे पळतील.

मग मी मोबाइलवर उजेडाची एक नळी पाहिली. गच्चीवर पारदर्शक घुमट, स्लॅबमधून खाली येणारी आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि छताला पांढरं गोल झाकण. वरचं ऊन परावर्तित होत थेट खोलीत उतरतं. वीज नको, काही नको. मला वाटलं, सुटलो. अंधार खोलीत असेल तर तो घालवता येतो.

बसवणारे कारागीर सुरतहून आले. यंत्रानं स्लॅबला भोक पाडायला सुरुवात झाली आणि आपली पाचावर धारण बसली. सळई तुटली तर? स्लॅब खचला तर? पावसाळ्यात गळलं तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे तर त्यांची वरातच. कारागिरांनी तीनदा सांगितलं की घुमट पक्का बंद आहे, थेंब आत येणार नाही. मी तीनदा मान हलवली आणि विश्वास एकदाही ठेवला नाही.

संध्याकाळच्या आत काम झालं. पांढऱ्या झाकणातून उजेड असा खाली आला की भिंतीवरचे जुने पोपडे मला पहिल्यांदा नीट दिसले. आई खोलीत आली, वर तोंड केलं आणि हसली.

"बाप रे! आते मी सुईमा दोरा बी ववसू!"

मी इतका खूश झालो की तिला सुई आणून दिली नाही.

त्यानंतर मी तिच्या बोटाकडे बघणंच सोडून दिलं. माझी सगळी भीती आता त्या भोकाला चिकटली होती. आभाळात बोटभर ढग आला तरी मी गच्चीकडे धावायचो.

माघात एका दुपारी असंच आभाळ भरून आलं. गच्चीवर मिरची पसरलेली. मी आणि बायकोनं धावत जाऊन ती गोळा केली, वर ताडपत्री टाकली आणि बायको खाली गेली. जाता जाता मी एक घमेलं उचललं, घुमटावर पालथं घातलं आणि वर दगड ठेवला. तेव्हा काही विचार केला नव्हता. लहानपणी आमचं घर धाब्याचं होतं, मातीच्या सपाट छपराचं. उजेडासाठी छपराला एक भोक असायचं, त्याला साणं म्हणायचे. आभाळ आलं की पळत जाऊन साण्यावर घमेलं घालायचं, हे माझं काम. चाळीस वर्षांनी हातांनी ते आपोआप केलं.

पाऊस आलाच नाही. अर्ध्या तासात ऊन लख्ख पडलं. मी बैठकीतून मधल्या खोलीच्या दारात आलो. लाइट गेलेली होती. आत काळोख, स्वयंपाकघराच्या दाराची तेवढी पुसट रेघ. आईच्या बोटांत मिरचीचे देठ कट् कट् तुटत होते. माझी चाहूल लागली तशी ती म्हणाली,

"ढग गयात वाटतं. तुन्ही नळी भलती कामनी शे रे भाऊ. दख, कितला उजेड पडना!"

ती त्या काळोखात वर झाकणाकडे तोंड करून माझ्यासाठी हसत होती. अशी किती दिवस हसत आली असेल? मी तिथेच तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"माय, नळीवर घमेलं झाकेल शे."

देठांचा आवाज थांबला.

"कधीपासून दखास नई तुले?" मी विचारलं.

"तू नळी बसाडी तवय बी माले धुकंच दखाये. तू इतला खुश व्हता."

"मंग सांगं काबर नई?"

"तुन्हा मामाना हातमातलं काम काढी लिन्हं नि त्याले खाटवर बसाडी दिन्हं. माले बी तसंच करतात तुम्ही." आणि तिनं टोपलीतली पुढची मिरची चाचपून उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही नंदुरबारला गेलो. सगळी वाट मी देवाला हात जोडत होतो, मोतीबिंदू निघू दे. निघाला काचबिंदूच. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: उजवा डोळा गेला, डाव्यात कडेला पुसटशी नजर उरली आहे, थेंब नियमानं घातले तर ती टिकेल, गेलेली मात्र परत येणार नाही. "इतका उशीर का केलात?" त्यांनी मला विचारलं. मी आईकडे पाहिलं. स्लॅबला भोक पाडलं, पण हिला इथे आणायचा धीर मला झाला नव्हता, हे त्यांना कसं सांगणार?

डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले, हा आजार घराण्यात उतरतो, रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं. मी लगेच उठलो. म्हटलं, बस चुकेल, पुढच्या वेळी बघू.

आईनं हात पुढे केला, हवेत थोडा चाचपला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"डॉक्टरसाहेब, आतेच दखा याना डोया," ती म्हणाली. "भेदरट शे हाऊ. सोताहून कधी येस नई."