चांगुणाबेनचे नाव

हरसूलच्या पुढे नदी ओलांडली की गुजरात लागते. चांगुणाचे माहेर त्या काठावर. गुजरातीत चार यत्ता झाल्या, मग लग्न होऊन ती अलीकडच्या काठावर आली आणि पुढे नवऱ्याबरोबर, नवनाथबरोबर, भाजी विकायला नाशकात. नाव मात्र तीस वर्षे माहेरच्याच रेशन कार्डावर राहिले. आधी वडिलांनी काढले नाही, त्यांच्यामागे भावाने, हिरामणने. तिनेही कधी आठवण करून दिली नाही.

यंदा गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. सरकारी योजनेत बसायचे तर इथल्या कार्डावर नाव हवे. इथे चढवायचे तर तिथून कमी केल्याचा दाखला हवा.

"देश येक, मंग दप्तरं दोन कशाला?" नवनाथ कुरकुरला.

"दोन हायेत म्हणून तर अजून माहेरात हाय मी."

दीड महिना तिने आज-उद्या करत काढला. शेवटी जिना चढवेना, तेव्हा हिरामणला फोन लावला.

"आक्का, बाबानं ठेवलेलं नाव हाय. मी कसं काढू?"

"तू नको काढू. अर्ज माझा हाय."

दाखला आला. नाशिकच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे गुजरातीत आहे, मावशी. यात काय लिहिलंय ते आम्हाला कसं कळणार?"

"मी वाचते."

"वाचा. मी पेन्सिलीनं उतरवून घेते. साहेबांना चालतंय का बघू."

चांगुणाने अक्षरांखाली बोट धरले. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरे तिला शाळेच्या ओट्यापाशी घेऊन गेली. तिथे बाई हजेरी घेत, 'चांगुणाबेन' म्हणत, आणि सात वर्षांची पोर मोठ्या बाईसारखी उभी राहत असे. नाशकात तिला बेन कोणी म्हटले नव्हते.

ती एकेक शब्द मराठीत सांगत गेली. गाव, तालुका, वडिलांचे नाव. मग बोट थांबले.

"पुढे?"

"चांगुणाबेन... आता या कुटुंबात नाहीत." तिने पदराने ओठ टिपले. "खाली सही हाय."

बाईंनी लिहून घेतले आणि नवा अर्ज पुढे ओढला. "नाव कसं घालू? दाखल्यात आहे तसंच?"

चांगुणाने कागदाकडे पाहिले.

"नुसतं चांगुणा लिहा," ती म्हणाली. "बेन तिकडंच राहू द्या."