निम्म्या किमतीची हमी

जुन्या व्हिडिओ गेमच्या डिस्क विकणाऱ्या त्या गृहस्थाला गिऱ्हाइके ‘सर’ म्हणत, कारण पूर्वी तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. विषय आपल्याला येतो, असा त्याचा तेव्हा समज होता. दुकान काढल्यावर तो समज दरमहा थोडा थोडा खर्ची पडू लागला.

माणूस गेम घेताना कचरतो तो फसण्याच्या भीतीने. ती भीती आपणच विकत घेतली तर खप वाढेल, या स्वतःच्याच सिद्धान्तावर भाळून त्याने दारावर पाटी लावली होती : ‘कोणताही गेम केव्हाही आणा. छापील किमतीच्या निम्मे रोख.’ खप खरोखरच वाढला. बायकोपुढे त्याने आठवडाभर मिशांना पीळ भरला. मिशा नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

मग कंपनीने दोन हजारांचा फुटबॉलचा गेम एकाएकी आठशेला काढला. खोक्यावर छापील किंमत मात्र दोन हजारच राहिली. दुसऱ्याच दिवशी मेहुण्याने काउंटरवर पाच डिस्क ठेवल्या, वेष्टनसुद्धा न फोडलेल्या.

“भाऊजी, पाच हजार झाले.”

“अरे, या तू समोरच्या मॉलमधून आठशेला आणल्यास.”

“हो. एकेकीमागे दोनशे सुटतात. स्वस्तात घ्यावं, महागात विकावं, हे तुम्हीच शिकवलंत.”

“मी? तुला? कधी?”

“ताईच्या लग्नात, जेवताना. बाकी कुणी ऐकत नव्हतं.”

गल्ल्यात होते ते भाड्याचे पैसे. शब्द पाळावा तर दुकान जाते, मोडावा तर दुकानात कुणी येत नाही. असले पेच तो वर्गात घालत असे आणि उत्तर पुढच्या तासावर ढकलत असे. त्याने पाच हजार मोजून दिले आणि पाटी उतरवली. स्टूल मेहुण्यानेच धरले.

तेवढ्यात शेजारच्या शिवणवाल्या मावशी तोच गेम घेऊन आल्या. त्यांनी तो महिन्यापूर्वी इथूनच नेला होता.

“पाटी काढलीत? मग राहू दे. माझ्याच्यानं एक गोल होत नाही हो.”

“तुम्ही घेतलात तेव्हा पाटी होती, मावशी,” असे म्हणून त्याने गल्ल्यातले उरलेले हजार त्यांच्या हातावर ठेवले.

मावशी गेल्यावर मेहुणा खाकरला. “भाड्याचं काय करणार?”

“बघू.”

“हे पाच हजार ठेवा. व्याज तुम्हीच सांगा, विषय तुमचा.”

सरांनी बराच विचार करून महिना दीड टक्का सांगितला. मेहुण्याने तत्क्षणी मान डोलावली, तेव्हा दर चढा लागल्याचे सरांच्या लक्षात आले.