कुंदाबाईचं हळदीकुंकू आणि परदेशी पिक्चर

कुंदाबाईला चोरून बैठका घेणं आवडायचं नाही. पण उघड बैठकीला बायका येतच नव्हत्या. आनंदनगरातल्या बिस्किट कंपनीत पॅकिंगला होत्या सगळ्या. युनियनचं नाव काढलं की कुणाचा नवरा आडवा यायचा, कुणाची सासू. आणि इकडे सुपरवायझर श्यामकांतनं अंजनीला घरी बसवलेलं. शिफ्टमध्ये दोनदा संडासला गेली, एवढाच गुन्हा. शनिवारी सकाळी सगळ्या गेटवर बसल्या तर ती परत आत जाणार होती. एकटी कुंदा बसली तर दोघी बाहेर.

शाळा सातवीत सुटलेली, पण कामगार कायदा तोंडपाठ, आणि त्या तोंडाला लगाम नाही, अशी ही बाई. तिनं डोकं चालवलं. संक्रांत नुकतीच झालेली, शुक्रवारी कंपनीला सुट्टी. हळदीकुंकवाला कुठली सासू अडवणार? आणि तिथं पुरुषाचं काय काम?

उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानातून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आला. कॅसेट युनियनच्या एका साथीनं दिलेली, गिरणीच्या संपाचा जुना परदेशी पिक्चर, काळापांढरा. दुकानदारानं लावून बघितली आणि कपाळाला हात लावला. "बाई, इसमें एक भी गाना नहीं है. औरतें उठके चली जाएँगी."

"तू वायर जोड, सेठ. गाना हम गाएगा."

कुळगावच्या चाळीतली तिची खोली दुपारीच भरली. तिळगूळ वाटून होतोय तोच दारात श्यामकांतची बायको, मीनल. बोलावलं नव्हतं. नवऱ्यानं कानोसा घ्यायला पाठवलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण दारी आलेल्या सवाष्णीला परत पाठवायची रीत नाही. कुंदानं तिला कुंकू लावलं आणि पार पुढं, टीव्हीसमोर बसवलं. ऐक म्हणाली मनात, पोटभर ऐक.

भाषा कुणालाच कळेना. मग कुंदा पदर खोचून उभी राहिली. "हा मुकादम. ही पोरगी मागावर. बघा, आता मेला तिची झडती घेतोय."

मुकादमानं पोरीचा जेवणाचा डबा लाथेनं उडवला, तेव्हा मीनललाच राहवलं नाही. "मुडदा बसो याचा!"

"याला शिव्या देऊन काय होतंय, वहिनी? घरच्याला द्या की."

कुंदा बोलून गेली. मीनल ताडकन उठली. "हळदीकुंकू लावून माझ्या नवऱ्याचा मुडदा बसवता?"

"कुंदे, हे चुकलंच तुझं," सगळ्यांत थोरली कमळाबाई म्हणाली. बायका पदर सावरून उठायला लागल्या. ह्या गेल्या की उद्याचं गेट गेलं.

"जीभ घसरली माझी." कुंदाच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "साहेब शंभर वर्षं जगोत. पण वहिनी, अंजनीला त्यांनी का काढलं, माहितीय?"

"बिस्किटं चोरली म्हणून. हे म्हणाले."

कोपऱ्यातून अंजनी उभी राहिली. "आईशपथ, चोरी नाय केली. पाळी आलेली, वहिनी. म्हणून दोनदा गेले."

मीनल खाली बसली.

"संडासची चावी तुमच्या साहेबांच्या टेबलावर असते," आता कमळाबाईच बोलली. "या वयात हात पुढं करून मागायची. वर विचारतात, आत्ताच गेली होतीस ना?" मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. कुंदासमोर मिठाची गुळणी धरणाऱ्या बायका साहेबाच्या बायकोसमोर घडाघडा बोलत होत्या. पिक्चर मागं चालूच होता. शेवट कुणी बघितला नाही.

निघताना मीनल म्हणाली, "हे सगळं मी घरी सांगणार."

"सांगा," कमळाबाई म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा."

सकाळी गेटवर सगळ्या हजर. साहेबाला सगळं कळलंच होतं, आता लपायचं कुणापासून? श्यामकांत बाहेर आला. डोळे तारवटलेले; घरी काय वाजलं असेल ते दिसत होतं.

"कुंदाबाई, केबिनमध्ये या, बोलू."

"इथंच बोला. माझ्याशी नको, यांच्याशी."

त्यानं बायकांकडं बघितलं. एकही खाली बघेना. "बरं. अंजनी, जा आत."

"अशी नाही जाणार ती," कुंदा म्हणाली. "चोर म्हणालात ना तिला? आता नाही म्हणा. वॉचमनला ऐकू जाईल असं."

श्यामकांत तसं म्हणाला. मग कुठं बायका उठल्या.