आक्काच्या बाळंतपणातलं लाल आभाळ

मला उभ्या जन्मात कुणी खोटारडी म्हटलेलं नाही. तोंडाळ म्हटलंय, हट्टी म्हटलंय, आणि सासरी काय काय म्हटलंय ते लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. पण खोटारडी नाही. मी एकदाच मोठं खोटं बोलले, आणि तेही आभाळाबद्दल.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पौष संपत आलेला. माझी थोरली बहीण आक्का पहिल्या बाळंतपणाला संकेश्वरहून बेळगावला माहेरी आलेली. घरात आई, आप्पा आणि आम्ही दोघी. मी तेरा वर्षांची. आप्पा शाळामास्तर, त्यामुळं जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडं आहेत असा त्यांचा समज होता, आणि आमचाही.

दिवेलागणीला आक्काचं पोट दुखायला लागलं. सुईण मावशी आली. आप्पांची रवानगी बाहेरच्या सोप्यात झाली. माझ्याकडं परड्यातल्या चुलीवर पाणी तापवायचं काम. रात्रभर आक्का कण्हत होती आणि मी लाकडं सारत होते. थंडी अशी की पुढून भाजायचं आणि पाठ गारठायची.

कोंबडा आरवायच्या जरा आधी मी लाकडं आणायला भिंतीकडं गेले आणि वर बघितलं. अगं आई गं! हातातलं लाकूड पायावर पडलं तरी कळलं नाही.

उत्तरेचं, कंग्राळी गावाच्या बाजूचं सगळं आभाळ लाल झालेलं. आधी वाटलं, कुणाची तरी कडब्याची गंजी पेटली. पण आगीला धूर असतो, वास असतो. इथं काही नाही. नवं लुगडं पाण्यात टाकलं की रंग सुटून पसरत जातो, तशी ती लाली वर वर चढत होती, आणि तिच्यातनं चांदण्या दिसत होत्या! मधेच पांढुरके पट्टे उभे राहायचे आणि विरून जायचे. "आप्पा, आप्पा" एवढंच तोंडातनं निघालं.

आप्पा कांबळं गुंडाळून धावत आले. वर बघितलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आमचे आप्पा, आणि बोलायला काही नाही! त्या लालीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. ध्रुवाकडं असा उजेड दिसतो, सूर्यावर मोठी खळबळ झाली की क्वचित तो खाली दूरवरही दिसतो, असं मी पुढं म्हातारपणी एका पुस्तकात वाचलं. त्या पहाटे हे सांगणारं कोण होतं? गल्लीतली कुत्री ओरडायला लागली. देवळातली घंटा कुणीतरी बडवायला लागलं. आणि गल्लीतनं आवाज आला, "गिराण! गिराण लागलं रं!"

झालं. तो शब्द आत बाळंतिणीच्या खोलीत गेला.

आई दारात आली. "गिराण?"

"छे गं," आप्पा म्हणाले. "पंचांगात आज ग्रहण न्हाय. आणि तो बघ चंद्र, पूर्वेला, आहे तेवढा सगळा जागेवर आहे."

आईनं वर बघितलं आणि भिंतीचा आधार घेतला. "चंद्राला न्हाय लागलं," ती म्हणाली. "आभाळालाच लागलंय."

आता यावर पंचांग काय बोलणार? आप्पा सोप्यात परतले. आईनं विळा, सुरी, अडकित्ता, घरातलं जे काही कापतं ते सगळं गोळा करून बुट्टीखाली झाकलं. ग्रहणात पोटुशीच्या आसपास काही चिरलं, कापलं, तर मूल ओठ फाटलेलं जन्मतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या गल्लीत तसं एक पोर होतं. त्याच्या आईला लोक काय काय बोलायचे ते आईनं ऐकलेलं. आणि इथं तर लेक माहेरी आलेली. काही उणंदुणं झालं की संकेश्वरचे व्याही बोट दाखवणार ते आईकडंच.

"तू परड्यात उभी राहा," आई मला म्हणाली. "लाली गेली की सांग. तोवर ह्या घरात पातं चालायचं न्हाय."

मी उभी राहिले. आभाळ काही हटेना. मला राग यायला लागला. हो, आभाळाचा राग! एवढं जग पडलंय, आणि आमच्याच डोक्यावर यायचं, तेही आजच?

तेवढ्यात आत मावशी ओरडली. "बाई, डोकं आलंय! पण नाळेनं गळा आवळलाय. दोन वेढे हाईत. सोडवाय जाते तर सुटंना. कापाय पायजे, आत्ता!"

"थांब जरा," आईचा आवाज. "उजाडलं की जाईल ते."

"उजाडूस्तोवर पोर ऱ्हायचं न्हाय! काळंनिळं पडाय लागलंय. तुमचं घर, तुमची लेक. तुम्ही व्हय म्हणा, मी विळा घेते."

आक्काचा आवाज तर बंदच झालेला. मग आईनं हाक मारली, "गं पोरी! गेली का लाली?"

मी वर बघितलं. लालभडक. मगाशी होती त्यापेक्षा जास्त.

मी पळत आत गेले. आई आक्काला मागनं धरून बसलेली, तोंड दाराकडं. मावशी दाराकडं पाठ करून, हात रक्तानं माखलेले. त्या दोन हातांमध्ये एक जांभळं तोंड होतं, डोळे मिटलेलं. इतकं गप्प काही मी कधी बघितलं नव्हतं.

"गेली," मी म्हणाले. "सगळी गेली. आभाळ काळं आहे."

माझा आवाज ऐकून मीच हबकले. इतका सरळ निघाला तो.

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "विळा दे तिला."

मी बुट्टी उलथली. मावशीनं दोरा आवळला, विळा चालला, आणि मी डोळे मिटून घेतले. मग पाठीवर थापट्या, एक, दोन, आणखी, आणि मग एकदम टाहो! मुलगी. मावशीनं तिचे ओठ बोटानं चाचपून आईला दाखवले. धड होते. आक्का हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. मी परड्यात पळाले आणि चुलीत उगाचच लाकडं सारत बसले.

थोड्या वेळानं आई बाळामागनं पडलेल्या वारेचं मडकं घेऊन पुरायला बाहेर आली. आभाळ तसंच लाल. मी भिंतीला चिकटले. आता कानफटात बसणार!

"खड्डा काढ," ती म्हणाली.

मी कुदळ घेतली. खणता खणता मला रडू फुटलं. "आई, मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे. दार सताड उघडं टाकून आलीस की. तुझ्या मागं सगळं लालबुंद दिसत होतं मला."

माझ्या हातातली कुदळ थांबली. "मग तू विळा का देऊ दिलास?"

"मी इचारलं. तू सांगितलंस."

इतका राग मला आयुष्यात परत आला नाही. "म्हणजे पाप माझं?" मी ओरडले. "तुझ्या डोळ्यांना दिसलं, आणि पाप माझं?"

आईनं मडकं खड्ड्यात ठेवलं. मग मला हाताला धरून खाली आपल्याजवळ बसवलं, आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर काढून माझ्या डोक्यावर घातला, पार डोळ्यांपर्यंत ओढला, मला आभाळ दिसू नये असा. सख्ख्या भावासमोर जिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती माझी आई.

"माती मी ओढते," ती म्हणाली, आणि त्या लाल उजेडात उघड्या डोक्यानं, दोन्ही हातांनी माती लोटत राहिली.