त्यांना वाजवायला कोणी बोलावलं होतं?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सेमिनार होता. इंग्रजीच्या सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला आलेली चिठ्ठी मी दोनदा वाचली. एक परदेशी बँड, कॅरिबियन, आफ्रिकी आणि लॅटिन संगीत एकत्र करून वाजवणारा. कॅरिबियन म्हणजे कुठे, हेच मला माहीत नव्हतं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "वेस्ट इंडीज वं, क्रिकेटवाले. एवढंबी माहीत नाही तुले?" मी माहीत असल्यासारखी हसले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. असं हसायची सवय मला पहिल्याच महिन्यात लागली होती.

तो बँड मी पहिल्यांदा बुलढाण्याच्या हॉस्टेलवरून मेहकरकडे, गावी जाताना एसटीत ऐकला. इयरफोन एकाच कानाचा चालत होता. आधी लग्नाच्या बँडमध्ये असतो तसा ट्रम्पेट, मग गिटार, मग दोन-तीन प्रकारचे ढोल. कोणी हाताने वाजवत होतं, कोणी काडीने. मधूनच घंटेसारखा गोड आवाज यायचा. तो तेलाच्या लोखंडी पिंपाचं तोंड ठोकून बनवलेल्या वाद्याचा असतो, हे मी नंतर वाचलं. शब्द एकही कळत नव्हता. पण चिखली सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलतोय. असा ठेका मी ऐकलेला होता. अगदी तोच नसेल, मला संगीतातलं कळत नाही. पण पोळ्याला गावात डफडं वाजतं, त्याच्या जवळचा होता.

आमच्या वस्तीत डफडं वाजत नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी वाजवायचे. पुढे त्यांनी सोडलं. ते गावकीचं काम होतं आणि धम्म घेतल्यावर वस्तीने ते टाकून दिलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं फार कमी असतं.

सेमिनारसाठी ग्रंथालयात वाचताना एक गोष्ट सापडली. त्या बेटांवर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले लोक राबत. मालकांनी त्यांच्या ढोलांवर बंदी घातली, तेव्हा ते डबे, खोकी, जे हाताला लागेल ते वाजवू लागले. हे सरांना सांगताना मी भरात बोलून गेले, "सर, माझे आजोबापण असंच वाजवायचे."

सर खुर्चीवरून उठलेच. "अरे वा! मग त्यांनाच घेऊन ये. दहा मिनिटं वाजवतील. तुझा सेमिनार सगळ्यांपेक्षा वेगळा होईल."

मी "हो सर" म्हणाले. सरांना नाही म्हणता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रविवारी मी गावी गेले. दुपारी आबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी शेजारी बसून मोबाइलवर ते गाणं लावलं. सोलता सोलता त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

"कोन व्हय हे?"

"वेस्ट इंडीजकडचे हाय आबा. आफ्रिकेकडचे बी हाय."

"काडी चांगली हाय त्याची. पन चामडं ढिलं हाय. शेकलं नाही बराबर."

"त्याले चामडं नसते आबा. प्लास्टिक असते."

"मंग ते कायचं वाजवनं!"

मला हसू आलं आणि धीरही आला. "आबा, आमच्या सरनं तुमाले बलावलं. कॉलेजात वाजवाले. दहाच मिनिटं."

घरातून आईचा आवाज आला, "तुले काही समजते का वं? कॉलेजात हेच शिकवतात का?"

आबांनी हातानेच तिला थांबवलं. मग मोबाइलकडे बोट केलं. "त्याइले कोनं बलावलं व्हतं वाजवाले?"

"कोनीच नाही. ते आपल्या मनानं वाजवतात. लोकं तिकीट काढून ऐकाले येतात."

"लोकं येतात त्याइच्याकडं?"

"हाव."

"अन् जेवाले कुठी बसतात?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "सगळ्याइसंगच बसत असतील, आबा."

"मंग वाजवू दे त्याइले."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "लगन असो का मयत असो, हाक आली का निंगाचं. अंगात ताप असला तरी निंगाचं. वाजवाचं मांडवाच्या बाहीर अन् जेवाचं पंगत उठल्यावर. वस्तीनं हे सोडाचं ठरवलं त्या दिवशी मीच माह्या हातानं चामडं फाडलं. पाटील आला. म्हने, आता मयतीले कोन वाजवन? मी म्हनलं, तुमी वाजवा."

आत आई खुदकन हसली. आबा हसले नाहीत. "त्या डफड्याचं कडं हाय आपल्या रांजनाखाली, पाह्य."

त्या रांजणातून मी लहानपणापासून पाणी घेत होते. खालचं लोखंडी कडं रोज दिसायचं.

"तुहा सर चांगला मानूस असन," आबा म्हणाले. "पन आता मी हाकेवर जात नाही, माय."

परतीच्या एसटीत मी वहीत लिहिलं: तिथे लोकांचा ढोल काढून घेतला, म्हणून त्यांनी डबा वाजवला. इथे तो लोकांच्या गळ्यात अडकवला होता, म्हणून त्यांनी तो उतरवला. मग ते खोडलं. पुन्हा लिहिलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळच्या आहेत की उलट, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

सेमिनारच्या दिवशी सरांनी दाराकडे पाहिलं. "आजोबा नाही आले?"

"नाही सर. मी त्यांना बोलावलं, ती माझी चूक झाली."

मग वहीतली ती दोन वाक्यं मी वाचली. पंगतीचंही सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि ते खाली बघत राहिले. मग मी गाणं लावलं. काडीचा ठेका सुरू झाला तसं मागच्या बाकावरून कोणीतरी बाक वाजवू लागलं. मग दुसऱ्याने, मग निम्म्या वर्गाने. माझे हात फाइलवर होते. बोटं उचलली जात होती, ती मी दाबून धरली. आबांनी नको म्हटलेलं मी कसं करणार, असं वाटत होतं.

संध्याकाळी आबांचा फोन आला.

"झालं का तुह्यं?"

"झालं. पोरं बाक वाजवत होते, आबा."

"अन् तू?"

"मी नाही वाजवला."

"मनात व्हतं का?"

"हाव."

"मंग वाजवाचा व्हता ना. तुले कोनी वाजव म्हनलं व्हतं का?"

पलीकडे आबा खोकले. मग मेसमध्ये आज काय भाजी आहे, ते विचारू लागले.