नावेवरची सोवळ्याची शेगडी

“नव्वद,” ताडपत्रीच्या पडद्याआडून पुराणिकसाहेब म्हणाले.

मी ओरडून सांगितलं होतं, चौदा.

“साहेब, चौदा फूट!”

“हो हो. नव्वद. लिहिलं.”

आमच्या तलावाचं धरणच जेमतेम तीस फूट उंच होतं. त्यात नव्वद फूट पाणी मावायचं कसं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात नाव वल्हवणारा भेरूजी म्हणाला, “भिया, साब को कुछ हो रिया है क्या? आवाज कैसी ढीली आ री है.”

हा प्रकार मध्यभारत सरकारच्या काळातला. मी पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होतो, तोही टेंपररी. पुराणिकसाहेब एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. इंदूरला पाणी पुरवणाऱ्या एका तलावात गाळ किती साचलाय ते मोजायचं होतं. याला साउंडिंग म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम सोपं आहे. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, तळाला टेकेपर्यंत सोडायचं आणि दोरीवरच्या खुणेवरून खोली वाचायची. मी वाचून ओरडायचं आणि साहेबांनी फील्डबुकात लिहायचं. दुपारी वारा सुटला की दोरी तिरपी जाते, म्हणून काम सकाळीच उरकावं लागे. जानेवारीचा महिना, चहूकडे उघडं पाणी. बोटं अशी गारठायची की दोरी हातात आहे की सुटली, ते डोळ्यांनी बघावं लागे. जेवायला काठावर यायचं तर तासभर नुसतं वल्हवण्यात जाणार. तेव्हा नावेवरच ऊब हवी होती आणि नावेवरच स्वयंपाकही.

“दिघे,” साहेब म्हणाले, “काही सेफ अरेंजमेंट सुचवा.”

मी हुरूपानं कामाला लागलो. त्याला कारण होतं. माझा कन्फर्मेशनचा रिपोर्ट साहेबांच्या हातात होता आणि माझं लग्न त्या रिपोर्टावर अडलं होतं. भावी सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की नोकरी पक्की झाल्याशिवाय मुहूर्त काढणार नाही.

मी तीन पानी नोट लिहिली. पंपाचा स्टोव्ह नको, कारण त्यात रॉकेलवर दाब असतो. नाव हलून तो कलंडला तर भडका उडणार. कोळशाची शेगडी झाकल्या जागेत तर मुळीच नको. कोळशातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं आणि तो मग उठतच नाही. तेव्हा वातीचा स्टोव्ह घ्यावा, तो वाळूच्या ट्रेमध्ये बसवावा, टाकी अर्धीच भरावी, पडदे उघडे ठेवावेत आणि शेजारी वाळूची बादली असावी. नोटेखाली मी आकृतीसुद्धा काढली होती.

साहेबांनी नोट शेवटपर्यंत वाचली.

“घासलेट?” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“अहो, आमच्या घरात घासलेटावर शिजलेलं कोणी तोंडात घातलेलं नाही. आजोबा दरबारच्या फौजेत होते. तोफा चालू असायच्या, तरी भात सोवळ्यात. तुमची नोट फर्स्ट क्लास आहे. शेगडी आणा.”

“पण साहेब, तो गॅस…”

“वास येतो?”

“नाही.”

“दिसतो?”

“नाही. तीच तर भानगड आहे.”

“मग आहे कशावरून? छोडो! शेगडी आणा.”

माझ्या डोळ्यांसमोर मुहूर्त उभा राहिला. मी मूग गिळून बसलो. आज सांगायलाही लाज वाटते, पण तेव्हा बसलो हे खरं.

नावेच्या मध्यभागी चार बांबू आणि त्यांच्यावर ताडपत्री, ही आमची केबिन. त्यात साहेब मुकटा नेसून बसले. मुकटा म्हणजे सोवळ्यातलं रेशमी वस्त्र. त्यानं थंडी काय भागणार? म्हणून वर त्यांनी लोकरीचा ओव्हरकोट चढवला. “लोकर कधी ओवळी होत नाही,” हा निकाल त्यांनी स्वतःच दिला. फील्डबुकालाही सोवळ्यातून सूट मिळाली, कारण त्याशिवाय काम चाललं नसतं. शेगडीवर हात शेकायचे, आकडे लिहायचे आणि दहाच्या सुमाराला तिच्यावरच खिचडी चढवायची, असा बेत होता. आम्ही दोघं बाहेर. आमचा स्पर्श आत चालणार नव्हता.

पहिल्या दिवशी पडदे उघडे होते. वाऱ्यानं शेगडीतली राख उडाली ती थेट खिचडीत. साहेब उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही पडदे स्वतःच्या हातानं आवळून बांधले. त्या दिवशी तलाव नव्वद फूट खोल झाला.

भेरूजीनं विचारल्यावर मी दोन हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मी पडद्याला हात घातला आणि थबकलो. आत सोवळं होतं ना! भेरूजी थबकला नाही. त्यानं वल्हं घातलं आणि ताडपत्री उचकटून काढली.

“सोवळा बाद में देखेंगे, भिया! पकडो!”

साहेब हातात पेन्सिल धरून बसले होते. हनुवटी छातीला टेकलेली आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू. साहेबांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही त्यांना ओढून उघड्यावर आणलं. या गडबडीत नाव एका अंगाला कलली. भेरूजीनं वल्ह्याच्या एका फटक्यात शेगडी पाण्यात ढकलली, खिचडीसकट. मी साहेबांच्या कोटाची बटणं सोडली. भेरूजी जिवाच्या आकांतानं काठाकडे वल्हवत सुटला. अर्ध्या वाटेत साहेबांनी डोळे उघडले, ओकारी काढली आणि विचारलं, “खिचडी उतरवली का?”

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कोळशाचा वायू बाधला, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. साहेब म्हणाले, पित्त आहे.

दोन दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर ते पुन्हा काठावर हजर. मागून टांग्यातून नवी शेगडी आली. ती पाहिली आणि माझं डोकं सणकलं. मुहूर्त गेला खड्ड्यात, म्हटलं. मी फील्डबुक उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“साहेब, हे वाचा. मग शेगडी चढवा.”

फील्डबुकात खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एकच रेघ मारून सही करायची, हा आमच्या धंद्यातला नियम. तो मला साहेबांनीच शिकवलेला. त्यामुळे सगळं जसंच्या तसं होतं. वर मोत्यासारख्या अक्षरात बारा, तेरा, तेरा. मग ओळ उताराला लागलेली. एकतीस. साठ. नव्वद. आणि त्याखाली, खोलीच्याच रकान्यात, “मीठ कमी”.

साहेबांनी वरपासून खालपर्यंत एकेका आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं आणि माझं तर नाहीच. पण स्वतःच्या फील्डबुकाला ते खोटं म्हणू शकत नव्हते.

“अक्षर माझंच आहे,” ते हळूच म्हणाले.

“हो साहेब.”

“शेगडी वापस पाठवा.” मग जरा थांबून, “पण दिघे, गार जेवायचं म्हणता?”

त्याची तजवीज मी केली होती. काठावर, मोकळ्या हवेत, साहेबांनी सोवळ्यात चूल पेटवायची. खिचडीला दणकून उकळी आली की पातेलं झाकायचं, धाबळीत गुंडाळायचं आणि गव्हाच्या भुशानं भरलेल्या खोक्यात पुरून ठेवायचं. ऊब आत कोंडली जाते आणि खिचडी स्वतःच्याच उष्णतेवर शिजत राहते. पायांशी ठेवायला चुलीत तापवलेल्या विटा, गोणपाटात बांधून. नावेवर ठिणगीसुद्धा नाही.

“आणि धाबळी कशी चालेल?” साहेबांनी विचारलं.

“लोकरीची आहे, साहेब. लोकर कधी ओवळी होत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो. मग म्हणाले, “चला, चूल मांडा.”

अकरा वाजता खोकं उघडलं. वाफ आली. साहेबांनी पळसाचं पान घेतलं, त्यावर खिचडी वाढली आणि स्वतः न खाता ते पान आधी भेरूजीपुढे केलं. भेरूजीनं दोन घास खाल्ले आणि सांगितलं, “बढ़िया है साब. घी होता तो और मजा आता.”

त्या खराब पानावरच्या सगळ्या खोल्या आम्ही पुन्हा मोजल्या. गाळाचा रिपोर्ट वेळेत ग्वाल्हेरला गेला, कारण हिवाळ्यात आमचं सरकार तिकडे असायचं. पुढे माझ्या हाताखाली ओव्हरसियर आले, त्यांनाही मी एवढंच सांगत आलो. झाकल्या जागेत विस्तव न्यायचा नाही, आणि साहेबांना हे सांगायचं तर पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायचं.

महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावलं आणि माझा कन्फर्मेशनचा कागद पुढे सरकवला. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, “वरिष्ठांशी हुज्जत घालतो, पण उशिरा. कायम करावे.”