उठा, नळ आला!

"उठा, नळ आला!" चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीची हीच भूपाळी, अन् ती म्हणायची आमची ही. उजाडायच्या आधी लोट्यावर चमचा वाजवत दारोदार फिरायची. तेलुगू दाराशी "नीळ्ळु वच्चायि!", चाचीच्या दाराशी "पानी आया, चाची!" पाणी दिवसाआड, तेही थोडा वेळ. झोपला तो कोरडा राहिला.

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. लोक वैतागतात अन् तिच्याच जिवावर पाणी भरतात. वरच्या मजल्यावरचा मास्तर तर रोज करवादायचा, "काकू, मेलेला माणूस उठेल!" ही म्हणायची, "मग तुम्हीपण उठा."

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते हेच. तिनं पाइप धरला, मी बादल्या आत नेल्या. उजेडात तिचे डोळे हळदीसारखे दिसले. म्हटलं, "दवाखान्यात चल." म्हणाली, "आधी ड्रम भरू द्या."

कावीळ साधी नव्हती. लिव्हर एकदम बसलं होतं. डॉक्टर इंग्रजीत सुरू झाला. म्हटलं, "चौथी शिकलोय. सरळ सांग."

"बाबा, जंतूंशी लढायला रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अम्माच्या सुस्तावल्यात. त्यांना जोर यायला एक सुई देऊन बघता येते. गुण येईलच असं नाही."

ही पडल्या पडल्या हसली. "झोपल्यात म्हणा की! द्या सुई. हाक मारल्याशिवाय कोण उठतंय?"

सुया सुरू झाल्या. पेशी वाढल्या, डॉक्टर म्हणाला. पण ताप चढला अन् हीच गुंगीत जायला लागली. मी कानाशी वाकून ओरडलो, "उठ गं, नळ आला!" नर्स माझ्यावर धावली. पण हिनं डोळे उघडले.

"बादली लावली का?"

"लावली."

"मग ठीक."

तेवढंच. पुन्हा उठली नाही. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

दुसरा दिवस पाण्याचा. अंधारात नळ सूं सूं करायला लागला, अन् गल्ली गप्प. सगळे हाकेची वाट बघत झोपलेले. मी लोटा-चमचा घेतला. सून म्हणाली, "मामा, सुतकात कुठं निघालात?"

"पाण्याला सुतक नसतं," म्हटलं.

पहिलं दार मास्तराचं वाजवलं. त्यानं उघडलं अन् माझ्याकडं बघतच राहिला.

"बघतोस काय?" म्हटलं. "बादली लाव."